अंगणावरचे आकाश कोणाचे?

आपल्या पूर्वजांनी जमिनीच्या हद्दी मोठ्या काटेकोरपणे आखल्या. बांधावर दगड रोवले, वाडीला कुंपण घातले, सामाईक विहिरीच्या पाण्याचे वार ठरवून दिले. हातभर जमिनीसाठी भावाभावांनी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. परंतु घरावरचे आकाश किती उंचीपर्यंत आपले, हे कोणी मोजले नाही. मोजण्याची गरजच नव्हती. वरून पाहणारा एकच होता आणि त्याच्या दृष्टीचे भय वाटले, तरी लाज कधी वाटली नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही स्थिती पालटली आहे. ड्रोन नावाचे छोटे यंत्र आता लग्नात, सणात, शेतावर आणि पोलिसांच्या हातीही दिसू लागले आहे. त्याच्याबरोबर एक जुनाच नैतिक प्रश्न नव्या रूपात आपल्या दारी, नव्हे छपरावर, येऊन ठेपला आहे.

हा प्रश्न आम्हांला प्रथम जाणवला तो एका प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सणाच्या मिरवणुकीची चित्रफीत सभागृहात दाखविण्यात आली, तेव्हा आम्ही तेथे उपस्थित होतो. ड्रोनने टिपलेली दृश्ये खरोखर मनोहर होती. माडांच्या शेंड्यांमधून उगवणारा चर्चचा मनोरा, पताकांनी सजलेला रस्ता, संताच्या मूर्तीमागून चाललेली माणसांची रांग. आपापली घरे ओळखून मुले आनंदाने ओरडत होती. इतक्यात एका घराचे मागचे अंगण पडद्यावर आले. तेथे एक सून आपल्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना स्टुलावर बसवून आंघोळ घालीत होती. म्हाताऱ्याच्या अंगावर वस्त्र नव्हते. ते दृश्य दोन-तीन सेकंदच टिकले. मागच्या बाजूला कोणीतरी हसले, मग सभागृह गप्प झाले. ती सून तिसऱ्या रांगेत बसली होती. चित्रफीत पुढे सरकली आणि शेवटी सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या.

त्या दिवशी कोणताही नियम मोडला गेला नव्हता. यंत्राची नोंदणी झालेली होती, पोलिसांना कळविलेले होते, उंचीची मर्यादा पाळलेली होती. उडविणारा तरुण सुशील होता, त्याच्या मनात काही वावगे नव्हते. तरीही त्या सुनेचे आणि त्या म्हाताऱ्याचे काहीतरी हिरावले गेले, याविषयी आम्हांला शंका वाटली नाही. ते काय होते? आणि ते राखण्याची जबाबदारी कायद्याची, की आपली?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला अमेरिकेतील अनुभव मार्गदर्शक वाटतो. तेथे अंगणावरच्या आकाशाचा वाद जवळजवळ ऐंशी वर्षे न्यायालयांत चालू आहे. शिवाय तेथील घटक राज्यांनी ड्रोनविषयी स्वतंत्र कायदे केले असल्यामुळे एकाच प्रश्नाला निरनिराळ्या विधिमंडळांनी दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

ज्याची भूमी त्याचेच तिच्यावरील आकाशही, असे युरोपातील जुने विधिवचन होते. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो १९४६ साली. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो शहराजवळ थॉमस ली कॉस्बी नावाचा शेतकरी कोंबड्या पाळीत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या विमानतळावर लष्करी विमाने उतरू लागली. ती त्याच्या घराच्या छपरापासून अवघ्या ६७ फुटांवरून जात. त्या गडगडाटाने बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. अशा सुमारे १५० कोंबड्या मेल्या आणि अखेर त्याला तो धंदाच सोडावा लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकाल लिहिला. अनंत आकाशाच्या मालकीची जुनी कल्पना विमानयुगात टिकणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. मात्र जमिनीचा उपभोग घेण्यासाठी तिच्यालगतचा जेवढा अवकाश आवश्यक आहे, तेवढ्यावर तरी मालकाचा हक्क असलाच पाहिजे, असेही त्यांनी सांगितले. तो अवकाश नेमका किती फुटांचा, हे न्यायालयाने ठरविले नाही.

पुढे हा प्रश्न कोंबड्यांवरून माणसांच्या खासगी जीवनाकडे वळला. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे एका घरमालकाने आपल्या परसाभोवती दोन कुंपणे घातली होती, बाहेरचे ६ फुटांचे आणि आतले १० फुटांचे. आत गांजाची लागवड असल्याची खबर पोलिसांना लागली. कुंपणावरून दिसेना, म्हणून त्यांनी विमान घेऊन १,००० फुटांवरून पाहणी केली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पोलिसांना निर्दोष ठरविले. त्या आकाशातून जाणाऱ्या कोणत्याही प्रवाशाने खाली पाहिले असते तर त्यालाही हेच दिसले असते, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९८९ साली फ्लोरिडातील एका खटल्यात ४०० फुटांवर आलेल्या हेलिकॉप्टरलाही तसाच आधार मिळाला.

या दुसऱ्या खटल्यात न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी बहुमताशी असहमती नोंदविली. आवाज न करणारे, वारा वा धूळ न उडविणारे आणि बंदिस्त अंगणाच्या अगदी माथ्यावर स्थिर राहू शकणारे एखादे यान आपण कल्पनेत आणावे, असे त्यांनी सुचविले. अशा यानातून कोणी न्याहाळू लागला तर तेव्हाही आपण हेच म्हणणार काय, असा त्यांचा प्रश्न होता. आज ते यान खेळण्यांच्या दुकानातही मिळते. ड्रोन अगदीच निःशब्द नसतो, त्याची घरघर ऐकू येते, परंतु ब्रेनन यांचा प्रश्न त्यामुळे कमी गंभीर होत नाही.

सर्व निकालांत उंची मोजली गेली, पाहण्याचा हेतू मात्र मोजला गेला नाही, ही बाब आम्हांला महत्त्वाची वाटते. आकाशाचे नियमन करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेचा भरही साहजिकच उंचीवर असतो. अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने २०१६ साली व्यावसायिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या ड्रोनसाठी नियम लागू केले. वजन ५५ पौंडांपेक्षा कमी असावे, साधारणतः ४०० फुटांच्या वर जाऊ नये, यंत्र चालकाच्या दृष्टिपथात असावे, इत्यादी. विमानाला धडक बसू नये, कोणाच्या डोक्यावर यंत्र कोसळू नये, ही या नियमांमागची चिंता आहे आणि ती रास्तच आहे. परंतु ४०० फुटांच्या खाली काय आहे? तेथेच तर आपली छपरे, गच्च्या, न्हाणीघरे आणि अंगणे आहेत.

ही उणीव घटक राज्यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. फ्लोरिडाने २०१३ साली पोलिसांच्या ड्रोन-टेहळणीवर निर्बंध घातले आणि २०१५ साली खासगी व्यक्तींनाही त्या कायद्याच्या कक्षेत आणले. त्यातील एक तरतूद आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. जमिनीवर, जेथे उभे राहण्याचा अधिकार आहे अशा जागी असलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते खासगी मानावे, मग ते आकाशातून ड्रोनला दिसत असो वा नसो. म्हणजे न्यायाचा मापदंड पुन्हा जमिनीवर, शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणून ठेवला गेला.

कॅलिफोर्नियात त्याच वर्षी दोन विधेयके गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्यापुढे आली. हे गृहस्थ तरुणपणी येशूसंघाच्या गुरुविद्यालयात शिकलेले. पहिल्या विधेयकानुसार दुसऱ्याच्या जमिनीवरून ३५० फुटांच्या खाली विनापरवानगी ड्रोन नेणे हेच अतिक्रमण ठरले असते. ते त्यांनी परत पाठविले, कारण त्यामुळे निरुपद्रवी हौशी माणसेही दाव्यांत सापडतील, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या विधेयकावर मात्र त्यांनी सही केली. कोणाच्या खासगी, वैयक्तिक वा कौटुंबिक व्यवहारांचे चित्रण करण्यासाठी त्याच्या जमिनीवरील अवकाशात जाणूनबुजून शिरणे, हा त्या कायद्याने खासगीपणाचा भंग ठरविला. पहिल्या विधेयकाने उंची विचारली होती. दुसऱ्याने ‘कशासाठी?’ असे विचारले. आमच्या मते दुसरा प्रश्नच खऱ्या अर्थाने नैतिक प्रश्न आहे.

अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली आणखी एक पाऊल टाकले. तेथील पोलिसांनी विमानातून, दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने, एका घराच्या आवारातील छायाचित्रे घेतली होती. न्यायालयाने आपल्या राज्याच्या घटनेचा आधार घेऊन सांगितले की, अशा पाहणीसाठी पोलिसांनी आधी न्यायाधीशांचे अधिपत्र घ्यावयास हवे. देशाच्या न्यायालयाने जे संरक्षण दिले नव्हते, ते राज्याने दिले.

येथे आम्हांला पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या विश्वपत्रात मांडलेल्या तत्त्वाची आठवण होते. जे काम लहान समुदाय नीट करू शकतो, ते मोठ्या सत्तेने आपल्याकडे ओढून घेऊ नये. विमानांचे मार्ग दूरच्या राजधानीतून ठरविता येतात, किंबहुना ते तेथूनच ठरले पाहिजेत. मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन शहराने स्वतःच्या हद्दीत जवळजवळ सर्व ड्रोन-उड्डाणांना पायबंद घालणारे नियम केले, तेव्हा २०१७ साली संघीय न्यायालयाने ते रद्द केले ते याच कारणाने. परंतु माझ्या परसात डोकावणाऱ्याला कोणती मर्यादा असावी, हे घराच्या जितके जवळ ठरेल तितके बरे. आणि घराच्या सर्वांत जवळ असतो तो शेजारी.

तथापि एक आक्षेप येथे उभा राहतो आणि तो बाजूस सारून चालणार नाही. ज्याला काही लपवायचे नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे? २०१२ सालच्या प्रारंभी टेक्सासमधील डॅलसजवळ एका हौशी माणसाच्या ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांत नदीचे पाणी लाल दिसले. एका मांसप्रक्रिया कारखान्यातील रक्त तेथे मिसळत असल्याचा संशय आला आणि चौकशी सुरू झाली. पुढल्याच वर्षी टेक्सासने ड्रोन-छायाचित्रणावर कडक निर्बंध घालणारा कायदा केला, तेव्हा या कायद्याने घरे झाकली जाणार की कारखाने, अशी टीका झाली. वृत्तछायाचित्रकारांनी त्याला आव्हान दिले. २०२२ साली एका न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला आणि २०२३ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला.

आम्हांला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. जो सार्वजनिक पाणी दूषित करतो, त्याला ‘ही माझी खासगी बाब’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. कायदा हा सर्वांच्या हितासाठी असतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले. गैरव्यवहारावर पांघरूण घालण्यासाठी खासगीपणाचा उपयोग होऊ लागला, तर तो कायदा आपल्या हेतूलाच मुकतो. परंतु आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग आम्हांला मान्य नाही. खासगीपणा म्हणजे पाप लपविण्याची जागा, हे गृहीतकच चुकीचे आहे.

त्या सुनेला काय लपवायचे होते? ती जे करीत होती त्याहून अधिक ख्रिस्ती कृत्य त्या दिवशीच्या मिरवणुकीतही घडले नसेल. तरीही ते दाखविण्याजोगे नव्हते. प्रभू येशूने दान गुप्तपणे करावयास सांगितले, प्रार्थना खोलीचे दार लावून करावयास सांगितले. त्यात लज्जास्पद काही होते म्हणून नव्हे. काही गोष्टी केवळ पित्याच्या दृष्टीसमोरच निर्मळ राहतात. इतरांचे डोळे त्यांवर पडले की त्यांचे प्रदर्शन होते. आजाऱ्याची शुश्रूषा, पतिपत्नीचे हितगुज, मुलाला दिलेली समज, मृत्यूपूर्वीचे अश्रू, हे सारे बंद दाराआडच फुलते. खासगीपणा पापाला आडोसा देत असेल, पण त्याहून कितीतरी अधिक वेळा तो प्रेमाला आडोसा देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मानवी प्रतिष्ठेतून उद्भवणाऱ्या हक्कांत खासगी जीवनाच्या संरक्षणाचा समावेश केला, तो याच जाणिवेने, अशी आमची धारणा आहे.

पवित्र शास्त्रात या विषयावर ड्रोनचा उल्लेख नसला तरी मार्गदर्शन पुष्कळ आहे. अनुवादाच्या पुस्तकात सावकाराला एक आज्ञा दिलेली आहे. शेजाऱ्याला कर्ज दिलेस तर गहाण वस्तू घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः ती आणून देईल. येथे सावकाराचा हक्क खरा आहे, देणे खरे आहे, तरीही उंबरठा ऋणकोचाच आहे. हक्क असूनही बाहेर थांबणे, ही त्या आज्ञेची शिकवण. दावीद राजाची कथा याच्या उलट आहे. राजवाड्याची गच्ची त्याची स्वतःची होती, तेथे फिरण्यात गुन्हा नव्हता, आणि स्नान करणारी बथशेबा त्याला सहज दिसली. पण त्याने दृष्टी वळविली नाही. विचारपूस केली, निरोप धाडला, आणि एका निरपराध सैनिकाचा जीव गेला. उंची हा दाविदाचा गुन्हा नव्हता. रेंगाळलेली दृष्टी हा त्याचा आरंभ होता.

याउलट हागार रानात एकटी पडली असता तिला परमेश्वराने पाहिले, आणि मला पाहणारा देव, असे नाव तिने कृतज्ञतेने त्याला दिले. वरून पाहणे हे स्वतः वाईट नाही. पुरात छपरावर अडकलेल्या माणसाला शोधणारा ड्रोन हागारेच्या देवाचेच काम करतो. पाहणारा आपल्या भल्यासाठी पाहतो आहे की आपल्याला वस्तू समजून पाहतो आहे, एवढाच काय तो प्रश्न.

आपल्या देशात २०२१ सालच्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे विभाग केले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. विमानवाहतूक हा केंद्राचा विषय आहे. तथापि राज्य शासन वा पोलीस यंत्रणा विशिष्ट क्षेत्र एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते तांबडे घोषित करू शकते. या नियमांचा भर नोंदणी, वजन, उंची व सुरक्षितता यांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, ही मोठी गोष्ट आहे. तरी सणाच्या दिवशी कोणाच्या परसावरून ड्रोन न्यावा आणि कोणाच्या नाही, हे कोणतेही न्यायालय आपल्याला येऊन सांगणार नाही. मानवी कायदा सर्वच दोषांना मनाई करू शकत नाही, हेही संत थॉमस यांनीच म्हटले आहे. उरलेला प्रदेश सदसद्विवेकाचा आहे.

तो मोकळा सोडला तर काय होते, याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. २०१५ साली केंटकी राज्यात आपल्या घरावर घिरट्या घालणारा ड्रोन एका बापाने बंदुकीने पाडला. त्याच्या मुली अंगणात होत्या. यंत्र किती उंचीवर होते याविषयी दोन्ही पक्षांचे म्हणणे भिन्न होते. राज्याच्या न्यायाधीशांनी त्याच्यावरील आरोप काढून टाकले. ड्रोनच्या मालकाने संघीय न्यायालयात दावा लावला, तो २०१७ साली आपल्या कक्षेत येत नाही म्हणून फेटाळण्यात आला. आकाश कोणाचे, हे अनुत्तरितच राहिले. एकाच वस्तीत वावरणाऱ्या दोन माणसांनी आधी चार शब्द बोलून घेतले असते, तर बंदूकही निघाली नसती आणि दावाही.

त्या सणानंतर काही आठवड्यांनी आम्ही त्या सुनेची भेट घेतली. टाळ्या वाजविल्याबद्दल क्षमा मागितली. तिने तक्रार केली नाही. चहा ठेवता ठेवता ती एवढेच म्हणाली, “बाबांना कळलं नाही, तेवढं बरं झालं.” सासऱ्यांची अब्रू तिने स्वतःच्या अब्रूच्या आधी मोजली होती. आम्हांला मात्र त्या सभागृहात ती मोजावीशी वाटली नव्हती.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांपुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवू इच्छितो. सण वा लग्न असेल तर ड्रोन कोणत्या वेळी आणि कोणत्या बाजूने उडणार, हे आदल्या रविवारी मिस्सेनंतर जाहीर करावे. जवळच्या घरांना, विशेषतः जेथे आजारी माणूस आहे तेथे, प्रत्यक्ष जाऊन सांगावे. ड्रोन चर्चच्या आवारावर आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर ठेवावा, परसांवर नेऊ नये. चित्रफीत चारचौघांत दाखविण्यापूर्वी दोन जाणत्या माणसांनी, त्यांत एक स्त्री असावी, ती पाहावी आणि जे आपले नाही ते काढून टाकावे. कोणी हरकत घेतली तर कारण विचारू नये. या गोष्टींसाठी विधेयक लागत नाही, पाळकमंडळाची एक बैठक पुरते.

नोहा आपल्या तंबूत विवस्त्र पडला असता त्याच्या एका मुलाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. दुसरे दोघे खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले आणि तोंड फिरवून त्यांनी बापाला झाकले. त्या दिवशी सभागृहात आम्ही सारे पहिल्या मुलाच्या जागी होतो. पुढल्या सणाला उरलेल्या दोघांच्या जागी उभे राहणे आपल्या हाती आहे.